दुर्गेबाईंचा राग

डॉ. सुमित्रा दुर्गे यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या भांडत होत्या. घाट चढून आलेली दुपारची एसटी आमच्या स्टँडवर उभी होती. टपावर एक लोखंडी टेबल उलटं बांधलेलं होतं, चारही पाय आभाळाकडे करून, आणि खाली कंडक्टर त्या टेबलाच्या लगेजवरून अडून बसला होता. त्याच्यासमोर ठेंगणी, सावळी, मनगटावर पुरुषी घड्याळ बांधलेली एक तरुण बाई कमरेवर हात ठेवून उभी होती.

"लगेज भराच लागन, बाई. नियम हाय."

"तुमच्या घरी कोणी पोटुशी आहे का?" बाईंनी विचारलं.

कंडक्टर गडबडला. "हाव, आहे न. बायकोच आहे. मंग?"

"मंग तिच्याच कामाचा टेबल होय हा. चढा वर, धरा एक पाय."

कंडक्टर मुकाट्यानं वर चढला. त्याची मुलगी पुढे त्याच टेबलावर जन्मली, आणि तो माणूस बदली होईपर्यंत दवाखान्याची औषधांची खोकी स्वतःच्या सीटखाली जपून आणत राहिला.

मी नुकतंच मेडिकलचं दुकान टाकलं होतं तेव्हाची ही गोष्ट. आमचं गाव जिवतीच्या डोंगरात, तेलंगणाच्या हद्दीला चिकटून. पावसाच्या भरवशावरची कपाशी आणि सोयाबीन, उन्हाळ्यात टँकरचं पाणी, आणि आजूबाजूला डोंगरात विखुरलेले कोलामांचे आणि गोंडांचे गुडे, म्हणजे लहान लहान वस्त्या. या डोंगरात तोवर बाई-डॉक्टर कोणी पाहिली नव्हती. पुरुष डॉक्टर यायचे, पाटी लावायचे आणि पाटीवरचा रंग वाळायच्या आत बदली करून घ्यायचे. ही बल्लारपूरच्या पेपर मिलमधल्या कामगाराची मुलगी नागपुरात शिकली आणि माझ्या दुकानाला लागून असलेली जागा घेऊन बसली ती कायमचीच. खाली दवाखाना, वर गच्चीवर एक खोली, तिथे राहणं. लग्न केलं नाही. का, ते विचारायची माझी कधी छाती झाली नाही. आमच्या दोघांमध्ये एक विटेची भिंत होती आणि त्या भिंतीतून त्यांचा आवाज माझ्या दुकानात दिवसभर येत असे.

परवा त्यांची शोकसभा झाली. आमदारापासून शाळेच्या हेडमास्तरांपर्यंत सगळे बोलले. जो उठे तो त्यांच्या आवाजाची नक्कल करी आणि मांडवात हशा पिके. मलाही नाव पुकारून बोलावलं. मी बसूनच हात जोडले. लोकांना वाटलं, भाऊला गहिवरून आलं. गहिवर होता, नाही असं नाही. पण त्याहून जास्त दुसरंच काही होतं, आणि ते माईकवर बोलण्यासारखं नव्हतं.

दुर्गेबाई रागीट होत्या हे वाक्य फार मवाळ झालं. बाईंचा राग ही आमच्या गावातली एक जागाच होती, जसं स्टँड, जसा बाजार. पण तो राग आंधळा नव्हता. त्याला हिशेब होता. त्यांच्या खोलीत बुद्धाची तसबीर होती, आणि ती पाहून गावातली काही मोठी घरं सुरुवातीला त्यांच्या दवाखान्यात पाण्याला शिवत नसत. बाई त्यावर एक अक्षर बोलल्या नाहीत. मग अशाच एका घरातली सून अडली. सासू तिला घेऊन धावत आली. बाईंनी सुनेला आत टेबलावर घेतलं, सिस्टरला कामाला लावलं, आणि हातमोजे चढवता चढवता सासूकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हिले पानी द्या. घामानं भिजली आहे."

"नको मले," सासू म्हणाली.

"आधी पानी. नाई तर तुमीच पडसान इथी, मंग मी दोघींले पाहू का?"

सासूनं ग्लास घेतला. घटाघटा प्याली. नंतर नातवाला घेऊन घरी गेली, आणि त्या घराचं पुढचं प्रत्येक दुखणं बाईंकडेच आलं. "पानी कसं लागलं?" असं बाईंनी तिला कधी विचारलं नाही. मला मात्र एकदा म्हणाल्या, "भाऊ, तहान लागली की माणूस लय शहाना होते."

त्यांच्या सवयी सांगायच्या तर त्या बिनसाखरेचा काळा चहा स्टीलच्या ग्लासात पीत, आणि तो नेहमी गार झाल्यावर. पायात पुरुषी चपला. रोग्याच्या नातेवाइकांसाठी मागच्या बाजूला कायम एक मोठं भगोनं शिजत असे, भात आणि तुरीचं वरण, आणि जो जेवला नाही त्याचीही हजेरी घेतली जाई. गुड्यांवरच्या बायका मराठी बिचकत बोलत, म्हणून बाईंनी तेलुगूतले, कोलामीतले कामापुरते शब्द उचलले होते. "नोप्पी?", म्हणजे दुखतं का, असं म्हणत पोटावर हात ठेवायच्या. पण आलेली बाई काय सांगते यापेक्षा हाताखाली काय लागतं याच्यावर त्यांचा भरवसा जास्त. "तोंड लाजते, पोट नाई लाजत," म्हणायच्या.

आणि त्यांचं ते वाक्य. "उशीर काऊन केला?"

दवाखान्याच्या दारात पाऊल पडलं की पहिलं हे. ताप असो, साप असो, बाळंतपण असो. "काल काऊन नाई आले? पोरगी पिवळी पडेपर्यंत पाहत बसले का? उशीर काऊन केला?" प्रश्न विचारत, पण उत्तराला थांबत नसत. हात तोवर कामाला लागलेले असत. ज्यानं बाईंचे हात पाहिले त्याला तो आवाज टोचत नसे. ते हात फार हळुवार होते. बोलणं तोंडाचं, काम हातांचं, अशी त्यांची विभागणी होती, आणि गावाला ती कळलेली होती. एकदा मी म्हटलं, "बाई, जरा सबुरीनं घ्या." तर म्हणाल्या, "सबुरीनंच तर मरून राह्यले लोक."

गावानं हे वाक्य डोक्यावर घेतलं. शाळेत उशिरा आलेल्या पोराला मास्तर बाईंच्या आवाजात विचारत. नवरदेवाची वरात उशिरा पोचली की मांडवातून पंचवीस आवाज उठत, "उशीर काऊन केला?" सरपंच ग्रामसभेला उशिरा आले तर त्यांनाही सोडत नसत. माझ्या दुकानात तर याचा खेळच चाले. गुड्यावरून आलेला माणूस चिठ्ठी घेऊन आला की आम्ही गमतीनं त्याला भिववत असू. "बाईकडं जाऊन आला का? कान शाबूत हाय न?" तो कसनुसा हसे. आम्हाला वाटे, आपण बाईंचं कौतुक करतो आहोत. कौतुकच होतं ते. पण खाली गावात जे कौतुक होतं ते घाट चढून गुड्यावर पोचेपर्यंत काय होतं, याचा विचार आमच्यापैकी कुणी केला नाही. बाईंनीही केला नाही.

बोरगुड्याचा लच्चू हा कोलाम माणूस. त्याची बायको जंगूबाई घरीच बाळंत झाली. मुलगी झाली, ती चांगली होती, पण वार पडली नाही आणि रक्त थांबेना. थंडीचे दिवस. लच्चूनं बैलांची बंडी जुंपली, वर गवत आणि गोधड्या टाकल्या, बायकोला निजवलं, स्वतःच्या आईच्या मांडीवर तान्ही पोर दिली आणि डोंगर उतरून आमच्या गावात आला. आला तेव्हा दिवेलागण झाली होती, दवाखान्याचं बाहेरचं दार लागलेलं होतं. खरं म्हणजे त्या दाराला काही अर्थ नव्हता. कुणीही केव्हाही हाक मारली की बाई जिन्यावरून धावत खाली यायच्या, हे आमच्या गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. लच्चूला ठाऊक नव्हतं. त्याला एवढंच ठाऊक होतं की उशिरा येणाऱ्यावर बाई कडाडते.

मी सकाळी दुकान उघडायला आलो तेव्हा तो दवाखान्याच्या पायरीवर बसलेला होता. नंबर लावून. समोर रस्त्यापलीकडच्या चिंचेखाली त्याची बंडी. बाई खाली उतरल्या, दार उघडलं, आणि तोंडावर आलेलं ते नेहमीचं वाक्य बोलणार एवढ्यात लच्चूच उठून हात जोडून म्हणाला,

"बाई, आज उशीर नाई केला. पयला नंबर हाय आमचा."

त्याच्या चेहऱ्यावर चक्क थोडी ऐट होती. शाळेत पाठ म्हणून दाखवणाऱ्या पोराची असते तशी.

"पेशंट कुठी आहे?"

"बंडीत हाय. कालच आलो न, संध्याकाळी. पन उशीर झालता. म्हनून म्हटलं, आता बाई रागावन, सकाळी बेगीनं जाऊ. शेकोटी बी नाई पेटवली. तुमाले वरून दिसन म्हनून."

बाई धावल्या. पायात चप्पलही नव्हती. बंडीतलं गवत सगळं भिजलेलं होतं. जंगूबाईला आत आणलं, टेबलावर घेतलं, सलाईन लावलं, माझ्या दुकानातून जे होतं नव्हतं ते आणलं. भिंतीपलीकडून मला नेहमी त्यांचा आवाज ऐकू येई. त्या सकाळी काहीच ऐकू आलं नाही. थोड्या वेळानं सिस्टर बाहेर आली आणि पायरीवर बसून रडायला लागली. लच्चू तिला समजावत होता, "रडू नको बाई, आता डाक्टरबाई पाहून राह्यली न."

बाई आतून आल्या आणि त्याच्यासमोर जमिनीवर बसल्या. काय बोलल्या ते मी ऐकलं नाही.  मग लच्चूनं विचारलं ते मात्र ऐकलं. "उशीर झालता का, बाई?"

त्या दिवसानंतर बाईंनी ते वाक्य टाकलं. नुसतं वाक्य नाही, रागच टाकला. कुणी कितीही उशिरा आलं तरी "या, बसा," एवढंच. आणि इथे एक विचित्र गोष्ट झाली. आमची माणसं घाबरली. इतकी वर्षं बाई कडाडल्या की रोगी बरा होतो असा अनुभव होता. आता बाई बोलत नाहीत म्हणजे काय? म्हणजे केस हातची गेली. साधा खोकला घेऊन आलेले लोक बाईंचं "या, बसा" ऐकून पांढरे पडायचे. एक म्हातारा माझ्या डोळ्यांसमोर हात जोडून म्हणाला, "बाई, मी मरतो का? मरत नसन तं एक डाव रागवा न माह्यावर."

बाई म्हणाल्या, "नाई मरत, बाबा. खोकला होय."

"मंग रागवा न."

बाईंनी प्रयत्न केला. "तंबाखू..." एवढं म्हणाल्या आणि आवाज चिरकला. म्हातारा मान हलवत बाहेर आला आणि मला म्हणाला, माझं काही खरं नाही, पोराला बोलावून घ्या. तो पुढे कितीतरी वर्षं जगला. हा किस्सा गावात सगळे हसून सांगतात. त्या दिवशी बाई मागच्या खोलीत जाऊन बराच वेळ बसून राहिल्या होत्या, हे कुणी सांगत नाही.

नंतर एक दिवस मला म्हणाल्या, "भाऊ, तुमची मोटारसायकल काढा. बोरगुड्याले जाऊ."

मला तिथे काय होणार ते माहीत नव्हतं. वाटलं, शिव्या बसतील, दगडही बसतील. झालं उलटंच. गुड्याच्या नाईकानं, म्हणजे त्यांच्या मुखियानं, खाट टाकली, गोधडी पसरली. सगळा गुडा जमला. लच्चू एका बाजूला मान घालून उभा. तेव्हा कळलं की पंचांनी लच्चूलाच दंड केला होता. बाईंच्या दारात मढं नेलं, बाईंच्या टेबलाला विटाळ झाला, म्हणून त्यानं साऱ्या गुड्याला जेवण घातलं होतं, आणि एक कोंबडा बाईंना द्यायचा म्हणून बांधून ठेवला होता. नाईकानं तो कोंबडा बाईंच्या पायाशी ठेवला.

बाई खाटेवरून उठल्या. "दंड माह्यावर बसवा," त्या म्हणाल्या. "चूक माही आहे. तो समोर बसून होता अन् मी वर होती. माह्या भेवानं बसून होता."

नाईक म्हातारा, शांत माणूस.  त्यानं पंचांकडे पाहिलं. "बाई, दंड ज्याची चूक त्याले. तुमी काय केलं? रागावता. माय नाई रागावत का लेकराले?"

"मायच्या भेवानं लेकरू मेलं तं?"

 तरी दंड करायला नाईक तयार होईना. डॉक्टरबाईला दंड केला असं डोंगरात पसरलं तर गुड्याची अब्रू जाईल, असं त्याचं म्हणणं. शेवटी एक म्हातारी लच्चूची तान्ही मुलगी घेऊन पुढे आली आणि ती बाईंच्या मांडीवर ठेवून कौतुकानं म्हणाली, "नाव तुमचंच ठेवलं, बाई. सुमित्रा."

बाईंनी त्या पोरीला धरलं आणि तोंड पदरात लपवलं. परतताना घाटात त्या एकदाच बोलल्या. "शिक्षा बी नाई देत हे लोक, भाऊ."   कोंबडा माझ्या हँडलला उलटा टांगलेला होता आणि सारखा फडफडत होता.

तेव्हापासून बाईंनी एक नवीन काम लावून घेतलं. रोज संध्याकाळी दवाखाना बंद केला की रस्ता ओलांडून चिंचेखाली जायच्या आणि तिथे सुटलेल्या प्रत्येक बंडीपाशी, पुढे पुढे प्रत्येक पिकअपपाशी, थांबून विचारायच्या, "कोणी आजारी आहे का?" लोक ओशाळायचे. "नाई बाई, सोयाबीन इकाले आलो." तरी बाई पोत्यांच्या मागे डोकावून पाहायच्या. एकदा एक व्यापारी चिडला, त्याला वाटलं बाई माल मोजतात. पाऊस असो, ताप असो, ही फेरी चुकली नाही. गुडघे गेल्यावर काठी घेऊन जायच्या. मी दुकानातून पाहत असायचो. पाहायचं टाळायचोही पुष्कळदा, कारण त्या डोकावून पाहायच्या तेव्हा मला माझ्या काउंटरवरचं हसणं ऐकू यायचं.

लच्चूची सुमी मोठी झाली, लग्न होऊन दुसऱ्या गुड्यावर गेली. पहिलटकरीण म्हणून अर्थातच बाईंकडे आली. बाईंना ती डॉक्टरमाय म्हणायची. बाळंतपण नीट झालं, त्याच लोखंडी टेबलावर. मुलगा झाला. सुमी तोंडाळ आणि गोड पोरगी होती. दवाखान्यात आजूबाजूच्या खाटांवरच्या बायकांना सांगायची, "माह्या मायसाठी डाक्टरमायनं रातभर जिवाचं रान केलं होतं. तिच्याच मांडीवर गेली माय." लच्चूनं तिला हेच सांगितलं होतं. गुड्यानं हेच सांगितलं होतं. बाईंची लाज राखायची म्हणून एका अख्ख्या वस्तीनं इतकी वर्षं एक खोटं सांभाळलं होतं.

भिंतीपलीकडून ते माझ्याही कानावर येत होतं. बाई माझ्या दुकानाच्या दारात आल्या. म्हाताऱ्या दिसत होत्या.

"भाऊ, मी तिले सांगतो खरं."

"ओली बाळंतीण हाय, बाई. काऊन सांगता? समदं चांगलं चाललं आहे."

"आज नाई सांगत. घरी जाऊन राह्यली त्या दिवशी सांगतो. माह्या नावाचं लेकरू, त्याले मी खोटं खाऊ घालू का?"

निघायच्या दिवशी जीप दारात उभी होती, लच्चू लेकीला न्यायला आला होता. आमच्याकडे रीत अशी की बाळंतीण निघताना लेकरू बाईंच्या ओटीत ठेवायची, बाई त्याच्या कपाळाला हात लावायच्या आणि मग जायचं. त्या दिवशी बाई उभ्याच राहिल्या. मी औषधं घेऊन दारात थबकलो होतो. बाईंनी सगळं सांगितलं. बंडी कुठे उभी होती ते, शेकोटी का नव्हती ते, आणि आपला राग. काही गाळलं नाही, काही गोड केलं नाही.

सुमीनं विचारलं, "अन् तुमी वरच होत्या?"

"हाव. दिवा चालू होता माहा."

"माय बोलून राह्यली होती का तवा?"

"मी आली तवा नाई बोलली. आंधी बोलली का, ते तुह्या बापाले माहीत."

सुमीनं बापाकडे पाहिलं. लच्चू जमिनीकडे पाहत होता. मग हळूच म्हणाला, "पानी मांगितलं होतं. दिलं मी."

सुमीनं लेकरू उचललं. बाईंनी नकळत पदर पुढे केला होता, तो तसाच राहिला. पोरगी त्यांच्या बाजूनं निघून गेली आणि जीपमध्ये बसली. मागे वळून पाहिलं नाही.

"लहान हाय, बाई. समजन तिले," मी म्हटलं.

"रागावली न? बरोबर केलं तिनं," बाई म्हणाल्या. आवाजात थोडं हलकेपण होतं, इतक्या वर्षांनी कुणीतरी त्यांच्यावर रागावलं होतं. पण ते हलकेपण दुपारपर्यंतच टिकलं. दुपारी पुन्हा माझ्या दुकानात आल्या, काउंटरला टेकल्या. "भाऊ, लसीले येईन का ते?"

मी काउंटरवरच्या गोळ्यांच्या पट्ट्या सरळ करत राहिलो.

"माह्या मनावरचं मी उतरवलं. अन् तिच्या लेकराची लस घालवली का मी? तिच्या मायले भेवानं थांबवलं, हिले रागानं थांबवलं. माहं कोनतं काम धड झालं मंग?"

मी उगाच धीर दिला. येईल, येईल म्हणालो. माझा विश्वास नव्हता.

दीड महिन्यांनी लसीचा दिवस आला. सकाळपासून गुड्यांवरच्या जीपा येत होत्या, बायका येत होत्या, पोरं रडत होती. बाई प्रत्येक जीपेकडे पाहत होत्या. दुपार झाली, गर्दी सरली. सिस्टरनं लसीचा डबा बंद करायला घेतला तर बाईंनी तिचा हात धरला. "राहू दे." चहाचा ग्लास तसाच गार होत राहिला. त्या दिवशी पहिल्यांदाच चिंचेखालची फेरी झाली नाही, कारण बाई दार सोडून हलल्याच नाहीत. मीही काहीतरी काम काढून त्यांच्या दवाखान्यातच घुटमळत होतो.

उन्हं उतरल्यावर एक जीप आली. सुमी उतरली, एकटीच, कडेवर लेकरू. आत आली. बाईंकडे पाहिलं नाही, डॉक्टरमाय म्हणाली नाही, बसलीसुद्धा नाही. सिस्टरला म्हणाली, "लस द्याची हाय."

सिस्टर पुढे झाली, पण बाई उठल्या होत्या. त्यांनी सुई घेतली. हात नेहमीसारखे हळुवार चालेनात, ते त्यांचे हात नव्हतेच जणू. सुमीनं लेकराची मांडी धरली. सुई टोचली आणि लेकरू असं किंचाळलं की बाहेरचे लोक आत डोकावले.

"हळू टोचा न, बाई!" सुमी कडाडली. "लेकरू होय ते. लाकूड होय का?"

 सिस्टरच्या हातातला कापूस खाली पडला. त्या खोलीत त्या टेबलापाशी बाईंवर आजवर कुणी आवाज चढवला नव्हता. बाई पांढऱ्याफटक पडल्या, सुई ट्रेमध्ये ठेवली.

"चुकलं माहं," त्या म्हणाल्या.

सुमीनं लेकराला खांद्यावर घेतलं, पाठीवर थोपटलं, उगी उगी केलं. चेहरा रागानं लाल होता, डोळे भरलेले होते. जीपवाल्यानं बाहेर हॉर्न वाजवला. ती दारापर्यंत गेली आणि तिथून वळली.

"पुढची कवा?" तिनं विचारलं.

बाईंना महिनाभरातच मरण गाठणार होतं, हे तेव्हा आम्हा कुणालाच माहीत नव्हतं. पण माझ्या डोळ्यांपुढे बाई उभ्या राहतात त्या त्या संध्याकाळच्याच. पुढच्या लसीची तारीख हजारो बायकांना सांगितलेली ती बाई ओठ हलवत होती आणि आवाज येत नव्हता. टेबलाची कड धरून उभ्या होत्या, गालांवरून पाणी वाहत होतं, पुसायचं भान नव्हतं. सिस्टर सांगायला पुढे झाली, तर सुमीनं हातानं तिला थांबवलं. तिला ते बाईंकडूनच हवं होतं. बाहेर हॉर्न वाजत राहिला, आणि उत्तर मिळेपर्यंत ती पोरगी रागानं तिथेच उभी राहिली.